मास्कचा त्रास खरा आहे. पण मास्क काढणे हा उपाय नव्हे

रुग्णालयात काम करणाऱ्या आपल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

संध्याकाळी आपल्या वस्तीच्या तोंडाशी थोडा वेळ उभे राहा. कामावरून परतणाऱ्यांमध्ये रुग्णालयातले कोणी ना कोणी दिसतेच. एखादी सिस्टर, एखादी आया, वॉर्डबॉय, ठेकेदाराकडे लागलेला सफाई कामगार, प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी एखादी ताई. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले तर नाकाच्या हाडावर लाल वळ दिसतो, गालावर दोन रेघा दिसतात, कानामागे सोललेले असते. घरात पाऊल टाकल्याबरोबर पहिले वाक्य ठरलेले असते, "डोकं नुसतं ठणकतंय."

मग घरातले कोणीतरी मायेने म्हणते, "तो मास्क दिवसभर कशाला लावून बसतेस? मधे मधे काढत जा की."

सल्ला मायेचा आहे, पण धोक्याचाही आहे. नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी अनेक वर्षे वॉर्डात काम केले. हा त्रास मी अंगावर काढलेला आहे. मास्कने काही होत नाही, सगळे मनाचे खेळ आहेत, असे मी म्हणणार नाही. मास्कमुळे जीव गुदमरतो, रक्तातला प्राणवायू संपतो, असेही म्हणणार नाही, कारण तेही खरे नाही. खरे काय आहे आणि त्यावर काय करता येते, एवढेच या पानावर सांगायचे आहे.

मास्क कोणता आणि तो काय करतो

रुग्णालयात मुख्यतः दोन प्रकारचे मास्क दिसतात. एक निळा किंवा हिरवा, तीन पदरी, सैल बसणारा सर्जिकल मास्क. समोरच्याचे थुंकीचे थेंब आपल्यावर आणि आपले समोरच्यावर उडू नयेत, हे त्याचे मुख्य काम. त्याच्या कडांमधून हवा ये-जा करते.

दुसरा एन-९५. तो चेहऱ्याला चिकटून बसतो. ०.३ मायक्रॉन आकाराचे, म्हणजे पकडायला सर्वांत कठीण असणारे कण तो किमान ९५ टक्के अडवतो, म्हणून त्याला हे नाव. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण किती बारीक ते लक्षात येईल.

हा मास्क चाळणीसारखा काम करत नाही. त्याच्या मधल्या पदरातल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. कोरड्या केसांत फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, तसे हे धागे बारीक कणांना ओढून धरतात. म्हणूनच एन-९५ साबणाने धुतला किंवा त्यावर सॅनिटायझर मारला की तो वरून स्वच्छ दिसतो, पण आतून निकामी होतो. अनेक घरांत तो धुऊन दोरीवर वाळत घातलेला मी पाहिला आहे. असा मास्क घालून वॉर्डात जाणे म्हणजे भोके पडलेली छत्री घेऊन पावसात जाणे.

आता प्राणवायूचे. ऑक्सिजनचा रेणू ०.३ मायक्रॉनच्या कणापेक्षा सुमारे हजारपट लहान असतो. तो मास्कमधून सहज आत येतो आणि कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर जातो. मग घुसमट का होते, ते पुढे पाहू.

डोके का दुखते

सिंगापूरच्या एका रुग्णालयात २०२० मध्ये १५८ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. मास्क, चष्मा अशी संरक्षक साधने वापरू लागल्यावर नव्याने डोके दुखू लागले, असे त्यांपैकी १२८ जणांनी, म्हणजे ८१ टक्के लोकांनी सांगितले. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ ही साधने वापरणाऱ्यांना आणि ज्यांना आधीपासून अर्धशिशीसारखा त्रास होता त्यांना जास्त त्रास झाला. त्याआधी सार्सची साथ आली तेव्हाही सिंगापूरमध्ये अशीच पाहणी झाली होती. त्यात २१२ पैकी ३७ टक्के कर्मचाऱ्यांनी मास्कमुळे डोके दुखत असल्याचे सांगितले होते. म्हणजे ही तक्रार काही एकट्यादुकट्या सिस्टरची नाही.

कारणे अनेक आहेत. डोक्याभोवतीचे घट्ट इलॅस्टिक कानशिलावरच्या आणि मानेच्या नसांवर दाब देते. घट्ट फेटा किंवा हेल्मेट घातल्यावर दुखते तसेच हे दुखणे. मास्क सरकू नये म्हणून आपण नकळत जबडा आवळून धरतो. शिवाय तासन्‌तास पाणी नाही, वेळेवर चहा-नाश्ता नाही, नाईट ड्युटीनंतर झोप नाही. हे सगळे एकत्र आले की डोके ठणकणारच. म्हणजे दोष एकट्या मास्कचा नाही, त्याच्या आजूबाजूच्या ड्युटीचाही आहे.

एक सावधगिरी सांगते. रोज डोके दुखते म्हणून रोज गोळी घेण्याची सवय लावून घेऊ नका. महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस वेदनाशामक गोळ्या घेत राहिलात तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मेडिकलवाल्याने दिलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर घेतली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींवर ताण येतो.

त्वचेचे हाल

चीनच्या हुबेई प्रांतात कोविडच्या सुरुवातीला ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यांपैकी ५२६ जणांच्या, म्हणजे ९७ टक्के लोकांच्या त्वचेला इजा झाली होती आणि ती सर्वांत जास्त नाकाच्या हाडावर होती. सहा तासांपेक्षा जास्त वेळ मास्क आणि गॉगल घालणाऱ्यांना धोका अधिक होता.

नाकाच्या हाडावर मांस नसते. हाड आणि कातडी यांच्यामध्ये मास्कची पट्टी दाब देत राहते आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होतात, त्याच प्रकारची ही इजा आहे. त्यात श्वासाची वाफ आणि घाम यांनी मास्कच्या आत ओल राहते. ओली कातडी लवकर सोलते. घामाची छिद्रे बंद होऊन हनुवटीवर पुटकुळ्या येतात, खाज सुटते.

मग काय होते? बाई मेडिकलमध्ये जाते आणि खाजेवरची ट्यूब मागते. अशा अनेक मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल नावाचे स्टेरॉइड असते. दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून ती लावत राहते. काही आठवड्यांत चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ आणखी वाढते आणि मलम थांबवले की चेहरा पेटतो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय चेहऱ्याला असे मलम लावू नका. टूथपेस्ट, लिंबू, चुना हे घरगुती प्रयोगही सोललेल्या कातडीवर नकोत.

धाप लागते, घुसमटते; मग ऑक्सिजन कमी होतो का

अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या दहा परिचारिकांना बारा तासांच्या पाळीत एन-९५ घालायला लावून तपासण्या करण्यात आल्या. २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पाळीच्या शेवटी रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढलेला दिसला, पण धोका म्हणावा इतका नाही. डोके दुखणे, हलके वाटणे, श्वास घ्यायला जड जाणे अशा तक्रारी मात्र अनेकींनी केल्या. दहाच जणींवरचा हा अभ्यास लहान आहे, पण इतर तपासण्यांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. निरोगी माणसाचा ऑक्सिजन मास्कमुळे घसरत नाही.

मग जड का वाटते? कारण मास्कच्या पदरांतून हवा ओढायला छातीला थोडा जास्त जोर लावावा लागतो. बाहेर सोडलेला ऊबदार श्वास थोडा आतच राहतो आणि पुन्हा नाकात येतो. चेहरा गरम झाला की सगळे अंग गरम झाल्यासारखे वाटते. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत, पंखा बंद असलेल्या वॉर्डात, अंगावर पीपीई किट घालून काम केलेल्या बाईला हे वेगळे सांगायला नको. किट काढल्यावर आतले कपडे पिळले तर पाणी निघायचे.

इथे एक गोष्ट आपल्या बायकांनी विशेष लक्षात घ्यावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, छातीत धडधडते, डोके दुखते. ती मास्क घालून काम करते तेव्हा हे सगळे तिला मास्कचे वाटते. मास्क काढून दोन दिवस तिला बरे वाटेलही, पण आजार तसाच राहील. धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात.

दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनी एन-९५ घालून जड काम करण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि कामाची जागा बदलून मागावी.

पाणी, लघवी आणि पाळी

याबद्दल बाया बोलत नाहीत, म्हणून मी लिहिते. कोविड वॉर्डात किट घातल्यावर सहा-आठ तास पाणी पिता येत नव्हते, लघवीला जाता येत नव्हते. म्हणून आम्ही ड्युटीच्या आधीच पाणी पिणे बंद करायचो. पाळी असेल त्या दिवशी दोन पॅड लावून जायचो आणि देवाण-घेवाणीच्या वेळेपर्यंत तसेच राहायचो. जांघा सोलायच्या, लघवीला जळजळ व्हायची. ती जळजळ मास्कमुळे होत नसे. पाणी न पिता लघवी रोखून धरल्यामुळे ती होत असे.

आजही क्षयरोगाच्या किंवा अतिदक्षता वॉर्डात अनेकजणी असेच करतात. "मास्क कोण काढणार न् घालणार, म्हणून पाणीच पीत नाही," असे सांगतात. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की समजावे, पाणी कमी पडते आहे. जळजळ, ताप, कंबरेत कळ असेल तर लघवी तपासावी. सुरक्षित जागी मास्क काढून पाणी पिण्यासाठी सुट्टी मिळणे हा ड्युटीचाच भाग आहे. त्यासाठी कोणाचे उपकार मानण्याची गरज नाही.

मग मास्क हवाच कशाला

आता कोविड ओसरला, मग कशाला, असे पुष्कळजण विचारतात. उत्तर एका शब्दात आहे, क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. हा जंतू हवेतून पसरतो. रुग्ण खोकला की बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. रुग्ण निघून गेल्यावर त्या खोलीत झाडू मारायला जाणारा माणूससुद्धा ती हवा श्वासात घेतो. औषधांना दाद न देणारा क्षय असलेले रुग्ण मुंबईसारख्या शहरांत आहेत. त्यांची सेवा करणाऱ्याला सैल सर्जिकल मास्क पुरत नाही.

छातीच्या आजारांच्या एका वॉर्डातली गोष्ट सांगते. ठेकेदाराकडे लागलेली एक मावशी आमच्याकडे सफाईला होती. आम्हा सिस्टरना एन-९५ मिळत असे. तिला सर्जिकल मास्क, तोही दोन दिवसांतून एक. बेडक्याचे भांडे उचलायची ती, चादर बदलताना रुग्णाला धरायची ती. म्हणजे रुग्णाच्या तोंडाजवळ आमच्यापेक्षा तीच जास्त वेळ. मी माझ्यातला एक एन-९५ तिला दिला. तो तिच्या लहान चेहऱ्याला मोठा होत होता, म्हणून तिने इलॅस्टिकला गाठी मारल्या. चार दिवसांत नाकावर जखम झाली. मग ती मास्क नाकाखाली घेऊन काम करू लागली. मी ओरडले तर म्हणाली, "सिस्टर, नाक चिघळलंय. ठेकेदार सुट्टी देईना. तुम्हीच सांगा, करू काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी तिच्या बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले. ते त्या वॉर्डातूनच आले, असे मी सिद्ध करू शकत नाही. सहा महिने गोळ्या घेऊन ती पूर्ण बरी झाली. पण त्यातले सुरुवातीचे दोन महिने घरी बसली आणि तेवढी रोजी बुडाली. कामावर परत आली तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई होती.

"मास्क नीट घाला" एवढे सांगून माझे काम संपत नाही, हे मी त्या मावशीकडून शिकले. मास्क चेहऱ्याला बसणारा हवा. पुरेसे मिळायला हवेत. जखम झाली तर बोलायला जागा हवी. नाहीतर आपण शिस्त शिकवतो आणि माणूस जखम लपवत राहतो.

मास्कच्या इतिहासातली एक गोष्ट

१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. सुमारे साठ हजार माणसे मेली. पेनांगमध्ये जन्मलेल्या वू लिएन-तेह या तरुण चिनी डॉक्टरला तिथे पाठवण्यात आले. हा प्लेग पिसवांमुळे नव्हे, तर श्वासातून पसरतो आहे, हे त्यांनी ओळखले. कापूस आणि गॉझ यांचा जाड मास्क बनवून तो डॉक्टर, परिचारिका, प्रेते उचलणारे अशा सर्वांनी घालावा, असा आग्रह त्यांनी धरला. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी त्यांना तुच्छ लेखले आणि मास्क न घालता वॉर्डात गेले. थोड्याच दिवसांत ते प्लेगने मेले. त्यानंतर मात्र मास्कचा वापर झपाट्याने वाढला. आजच्या एन-९५ चा पूर्वज म्हणून वू यांच्या त्या मास्ककडे बोट दाखवले जाते.

सांगणारा कोण आहे हे पाहून त्याचे म्हणणे धुडकावले तर जंतू काही जातपात, वंश पाहत नाही. आणि वू यांनी प्रेते उचलणाऱ्यांनाही मास्क दिला होता, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते.

ठेकेदाराच्या कामगारालाही हक्क आहे

रुग्णालयातली झाडलोट, बेडपॅन, कचऱ्याच्या पिशव्या, शवागार ही कामे कोणत्या वस्त्यांतल्या माणसांच्या वाट्याला येतात, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून एक कायदा माहीत करून घ्या.

२०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम सर्व रुग्णालयांना लागू आहेत. त्यांत रुग्णालयाच्या चालकावर पुढील जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत. आरोग्य कर्मचारी आणि हा कचरा हाताळणारे इतर सर्वजण यांना योग्य आणि पुरेशी संरक्षक साधने देणे. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करून नोंद ठेवणे. दरवर्षी प्रशिक्षण देणे. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देणे. "इतर सर्वजण" यात ठेकेदाराचा सफाई कामगार येतो. "तुम्ही आमचे नाही, ठेकेदाराचे आहात" हे उत्तर इथे चालत नाही.

मास्क महाग पडतो, असेही ऐकवले जाते. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने मास्कच्या किमतींवर मर्यादा घातली होती. तेव्हा एन-९५ ची किंमत प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये ठरली होती आणि तीन पदरी मास्कची ४ रुपये. एका माणसाचे सहा महिन्यांचे क्षयाचे आजारपण यापेक्षा किती महाग पडते, ते ज्याच्या घरात आजारपण आले त्याला विचारा.

मागणी तोंडी करू नका. चार-पाच जणांनी मिळून साध्या कागदावर अर्ज लिहा. मास्क किती मिळतात, कोणत्या मापाचे मिळतात, पाणी पिण्यासाठी सुट्टी मिळते का, तपासणी शेवटची कधी झाली, हे त्यात लिहा. अधीक्षकांना द्या, एक प्रत मेट्रनला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. एकट्याच्या तक्रारीवर मुकादम रागावतो. पाच सह्यांच्या अर्जावर विचार करावा लागतो.

रोज काय करावे

१) मास्क घातल्यावर दोन्ही तळहात त्यावर ठेवून जोराने श्वास सोडा. नाकाच्या बाजूने किंवा गालाच्या कडेने वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, एका हाताने चिमटू नका. चष्म्यावर वाफ येत असेल तरी हेच समजावे.

२) कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागे दोन पट्ट्या असलेला एन-९५ नीट बसतो आणि कानामागे सोलत नाही. वरची पट्टी डोक्याच्या वरच्या भागावर आणि खालची मानेवर ठेवा. दोन्ही एकावर एक आणू नका. दाढी असेल तर एन-९५ चिकटून बसत नाही.

३) गाठी मारून मोठा मास्क लहान करू नका. लहान माप मागा. बायकांचे चेहरे अनेकदा लहान असतात, तरी रुग्णालयात एकच माप आणले जाते. अर्जात हे जरूर लिहा.

४) ड्युटीवर जाण्याच्या अर्धा तास आधी साध्या पाण्याने तोंड धुऊन साधे मॉइश्चरायझर पातळ लावा. मास्कच्या कडेखाली व्हॅसलिनचा जाड थर देऊ नका, त्याने मास्क सरकतो. व्हॅसलिन रात्री घरी आल्यावर वळांवर लावा. मास्कच्या आत पावडर आणि मेकअप नको.

५) दर दोन-तीन तासांनी, रुग्णांपासून दूर, हवा खेळती असलेल्या जागी, एका वेळी एकेकाने मास्क काढावा. पाणी प्या, चेहरा कोरडा करा, जबडा सैल सोडा. मास्कच्या पुढच्या भागाला हात लावू नका, पट्ट्या धरून काढा आणि आधी व नंतर साबणाने हात धुवा. वॉर्डात उभे राहून मास्क हनुवटीवर ओढणे सर्वांत वाईट.

६) मास्क ओला झाला, मळला, रक्त किंवा बेडका उडाला, पट्टी सैल झाली किंवा श्वास घ्यायला नेहमीपेक्षा जड जाऊ लागला, की बदला. नवा मिळत नसेल तर निदान पाळीपाळीने वापरायला चार-पाच मास्क मागा. प्रत्येक मास्क कागदी पिशवीत, नाव-तारीख लिहून सुकत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते. एकच एन-९५ पाचपेक्षा जास्त वेळा घालू नये, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने टंचाईच्या काळात सांगितले होते.

७) पुढे झडप असलेला मास्क रुग्णालयात नको. त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर जातो आणि समोरच्या रुग्णाचे रक्षण होत नाही. केंद्र सरकारनेही जुलै २०२० मध्ये अशा मास्कविरुद्ध सूचना दिली होती.

८) मास्कमधून ओरडून बोलल्याने घसा बसतो. जवळ जाऊन, सावकाश, एकेक शब्द बोला. कमी ऐकू येणाऱ्या रुग्णाला हाताच्या खुणांनी किंवा लिहून सांगा.

डॉक्टरकडे कधी जावे

डोके एकदम, कधी नव्हे इतके जोरात दुखले. दुखण्याबरोबर उलट्या, अंधारी किंवा एका बाजूला लुळेपणा आला. ताप येऊन मान आखडली, तर हे मास्कचे नाही असे समजून ताबडतोब रुग्णालयात जा. डोके वारंवार दुखत असेल तर रक्तदाब मोजा आणि चष्म्याचा नंबर तपासा. नाकावरची जखम तीन-चार दिवसांत भरली नाही, पू आला तर दाखवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे यांपैकी काहीही असेल तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. क्षय बरा होतो. लपवला तर घरात पसरतो.

घरच्यांनी काय करावे

ड्युटीवरून आलेल्या माणसाला आधी हातपाय, तोंड धुऊ द्या, पाण्याचा तांब्या द्या आणि अर्धा तास शांत बसू द्या. घरातली बाई रुग्णालयात आठ तास उभी राहून आली असेल तर तिच्यासाठी भाकरी थापून ठेवणारे दोन हात घरात असावेत. तिच्या डोकेदुखीवरचे अर्धे औषध तेच आहे. नाईट ड्युटीनंतर तिला सलग झोप मिळेल असे पाहा, पोरांना थोडा वेळ शेजारी सांभाळा.

आणि वापरलेल्या मास्कचे एक. रुग्णालयातला मास्क रुग्णालयातल्या पिवळ्या पिशवीतच टाका, घरी आणू नका. घरात वापरलेला मास्क तसाच कचऱ्यात फेकू नका. तो कागदी पिशवीत घालून किमान ७२ तास बाजूला ठेवावा आणि पट्ट्या कापून मग टाकावा, अशी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोविडच्या काळात सूचना होती. पट्ट्या कापल्या तर तो कोणी धुऊन पुन्हा विकत नाही. आपला कचरा शेवटी कोणाच्या हातात जातो? बहुधा आपल्याच शेजारच्या गल्लीतल्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या. तिच्या हातात हातमोजे नसतात.

ती मावशी आता दुसऱ्या एका ठिकाणी कामाला आहे. मागच्या वेळी भेटली तेव्हा तिने पिशवीतून मास्क काढून दाखवला. लहान मापाचा, डोक्यामागे दोन पट्ट्या असलेला. "पाच जणींनी अर्ज दिला होता, सिस्टर. दोन महिने लागले, पण आले." तिच्या नाकावर जुन्या जखमेची पांढरी खूण आहे, नवी जखम नाही. तुमच्या घरातही रुग्णालयात काम करणारे कोणी असेल तर आज त्यांच्या नाकावर काय आहे ते पाहा आणि उद्या त्यांच्याबरोबर अर्ज लिहायला बसा.